टेम्पीचा तलाव: कोरड्या नदीपात्रातील पाण्याचा वाद, नागपुरातून पाहताना

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स महानगराला लागून टेम्पी नावाचे शहर आहे. या शहराने 1999 मध्ये सॉल्ट नदीच्या कोरड्या पात्रात सुमारे दोन मैल लांबीचा आणि 220 एकर पाणपसाऱ्याचा तलाव बांधला. फिनिक्सच्या परिसरात वर्षभरात जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. अशा ठिकाणी उघड्यावर 97.7 कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 370 कोटी लिटर पाणी साठवून ठेवणे योग्य की अयोग्य, हा वाद तलाव भरण्याआधीपासून सुरू होता आणि तो पुढेही चालूच राहिला. नागपूर शहराला दररोज साधारण 65 कोटी लिटर पाणी पुरवले जाते. त्या मापाने हा साठा आपल्या सहा दिवसांनाही पुरणार नाही. वादाचे मूळ मात्र साठ्यापेक्षा त्या जागेत आणि त्या हवेत आहे.

या प्रकरणाचा अभ्यास नागपूरच्या वाचकापुढे ठेवण्याचे कारण सरळ आहे. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव हे आपल्या शहराचे तलाव आपण निसर्गाची देणगी म्हणून मिरवत असलो, तरी ते माणसाने पाळ घालून अडवलेले पाणी आहे. आता नाग नदीच्या पुनरुज्जीवनाची दोन हजार कोटी रुपयांच्या घरातील योजना हाती घेतली जात आहे. पाऊस आपल्याकडे टेम्पीच्या पाचपट पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत पडून जातो, आणि उन्हाळ्यातले ऊन दोन्ही शहरांत सारखेच पोळते. शहरात पाणी दिसावे ही इच्छाही दोन्हीकडे सारखीच आहे.

नदी कोठे गेली

टेम्पीच्या तलावाची गोष्ट तलावापासून सुरू केली तर चुकते. एकोणिसाव्या शतकात हे गाव नदी ओलांडून नेणाऱ्या नावेच्या नावाने, हेडनची फेरी म्हणून ओळखले जात होते. म्हणजे तेथे नाव लागावी इतके पाणी नदीला होते. 1908 मध्ये ग्रॅनाइट रीफ येथे वळण बंधारा झाला आणि नदीचे पाणी उत्तर व दक्षिण बाजूंच्या कालव्यांत जाऊ लागले. 1911 मध्ये रूझवेल्ट धरण पूर्ण झाले, आणि पुढच्या दशकांत त्याच नदीवर आणखी धरणे आली. या पाण्यावर फिनिक्सच्या खोऱ्यातली शेती आणि नंतर शहरे उभी राहिली, हे खरे आहे. पण वळण बंधाऱ्याच्या खाली नदी उरली नाही. पात्रात रेती-खडी उपसली गेली, कचरा टाकला गेला, आणि नव्या पिढीच्या लेखी ती नदी नसून पुलाखालचा ओसाड पट्टा झाला.

नदी संपली, पण पूर संपले नाहीत. वरची धरणे भरली की पाणी सोडावे लागे आणि ते कोरड्या पात्रातून सुसाट येई. 1980 च्या फेब्रुवारीतील पुरात फिनिक्स परिसरातले बहुतेक पूल बंद पडले आणि नदीच्या दोन्ही बाजूंची शहरे जवळजवळ तुटली. 1993 मध्ये टेम्पीत बांधकाम सुरू असलेला नवा पूलच पुराने ओढून नेला. जेथे तलाव बांधायचा ती जागा बारा महिन्यांतले बहुतेक दिवस कोरडी असते आणि एखाद्या वर्षी अचानक उधाणते, ही गोष्ट त्यामुळे बांधणाऱ्यांना पक्की माहीत होती. रबरी बंधाऱ्याची निवड याच कारणाने झाली. एरवी फुगवून ठेवायचा, पूर आला की हवा काढून आडवा करायचा आणि पाण्याला वाट द्यायची, अशी ती रचना होती. कागदावर हा उपाय उत्तम होता, असे मला आजही वाटते.

कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. 1966 मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या वास्तुकला विभागातील विद्यार्थ्यांनी अधिष्ठाता जेम्स एल्मोर यांच्या मार्गदर्शनाखाली या उजाड पात्राचे काय करता येईल याचा आराखडा केला. स्पॅनिश भाषेत खारी नदी असा अर्थ असलेले ‘रिओ सलाडो’ हे नाव त्या कल्पनेला मिळाले. साऱ्या खोऱ्यातून नदीकाठ फुलवायचा हा विचार होता. 1987 मध्ये त्यासाठी मालमत्ता कर लावण्याचा प्रस्ताव मॅरिकोपा काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय क्षेत्राच्या, मतदारांपुढे आला आणि मतदारांनी तो फेटाळला. त्यानंतर टेम्पीने आपल्या हद्दीपुरते एकट्यानेच पुढे जायचे ठरवले. जून 1999 मध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली, जुलैच्या मध्यापर्यंत तलाव भरला आणि नोव्हेंबरात तो लोकांसाठी खुला झाला.

येथे एक बाब नोंदवून ठेवतो. मोठ्या क्षेत्राने जी जबाबदारी नाकारली ती एका लहान शहराने स्वतःच्या खांद्यावर घेतली. पुढे जे घडले त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

पाण्याचा हिशेब

विरोधकांचा मुद्दा कोणालाही चटकन कळावा असा होता. वाळवंटात उघडे पाणी ठेवले की ते उडून जाणार. त्या हवेत उघड्या पाण्याचे बाष्पीभवन वर्षाला साधारण सहा फूट होते. 220 एकरांवर सहा फूट म्हणजे सुमारे 160 कोटी लिटर. तलावाच्या एकूण साठ्याच्या चार दशांशांहून अधिक पाणी दरवर्षी केवळ उन्हात जाते आणि ते पुन्हा भरावे लागते. आपल्याकडे शहरातील पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटरचे मान धरतात. त्या मानाने हे सुमारे 32 हजार माणसांचे वर्षभराचे पाणी झाले. शिवाय नदीचे पात्र म्हणजे रेती आणि गोटे, त्यामुळे पाझरही आलाच. तो रोखण्यासाठी तलावाच्या कडेने जमिनीत खोल भिंती घातल्या आहेत, आणि जे पाणी तरीही झिरपते ते विहिरींतून उपसून परत तलावात सोडले जाते.

शिवाय हे पाणी तेथले नव्हतेच. तलाव भरला तो कोलोरॅडो नदीच्या पाण्याने. सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा कालवा हे पाणी राज्याच्या पश्चिम सीमेवरील लेक हवासू जलाशयातून उपसून वाळवंट ओलांडून आणतो. 336 मैलांच्या या कालव्यावर पाणी चढवण्यासाठी लागणारी वीज प्रामुख्याने नवाहो नावाच्या, कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रातून येत असे, आणि ते केंद्र 2019 मध्ये बंद होईपर्यंत असेच चालले. म्हणजे वरून नदी वळवली, खाली पात्र कोरडे पडले, आणि मग त्या पात्रात तलाव करण्यासाठी दुसऱ्या नदीचे पाणी कोळसा जाळून शेकडो मैलांवरून आणले. विरोधकांच्या बोलण्यातला संताप या क्रमातून येत होता, आणि तो मला अनाठायी वाटत नाही.

समर्थकांचे उत्तरही तितकेच ठोस होते, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही. त्याच खोऱ्यात हजारो एकरांवर लसूणघास पिकवला जातो आणि त्याला एकरी जवळजवळ तेवढेच पाणी लागते, जेवढे तलावाच्या एका एकरावरून उडून जाते. गोल्फची मैदाने त्याच हवेत हिरवी ठेवली जातात. एका सबंध शहराला काठावर फिरायला, वल्हवायला, मुलांना घेऊन संध्याकाळी बसायला जागा मिळत असेल, तर 220 एकर घासाइतके पाणी त्यासाठी देणे हे पाप कसे ठरते? शिवाय तलावाच्या काठी कार्यालये, घरे आणि 2007 मध्ये उभे राहिलेले कलाकेंद्र यांमुळे ज्या जागेकडे कोणी पाहत नव्हते तेथे शहराचा कर वाढला.

मला समर्थकांचा हा युक्तिवाद आकड्यांपुरता पटतो. 1980 पासून भूजलाच्या उपशावर कायद्याने नियंत्रण असलेल्या त्या राज्यात पाण्याचा खरा ताण एका तलावामुळे आलेला नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कोलोरॅडो नदीवर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर केली आणि पुढच्या वर्षापासून ॲरिझोनाच्या वाट्यात मोठी कपात झाली. तिचे कारण संपूर्ण खोऱ्याने नदीच्या ऐपतीपेक्षा अधिक पाणी आपसांत वाटून घेतले हे होते, आणि त्यात दोन दशकांच्या अवर्षणाची भर पडली. पण युक्तिवाद आकड्यांपुरता खरा असला तरी तो एका जागी लंगडा पडतो. घासाच्या शेताला टंचाईच्या वर्षी पाणी तोडता येते, शेतकऱ्याला भरपाई देऊन जमीन पडीक ठेवता येते. तलावाचे तसे करता येत नाही. ज्याच्या काठावर इमारती उभ्या राहिल्या तो तलाव कोरडा ठेवण्याची सोय शहरापाशी उरत नाही. एकदा भरला की तो दरवर्षी भरणे आले.

जुलै 2019 मध्ये तोतलाडोहचा साठा संपत आला आणि नागपूर महापालिकेला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली, तो पावसाळा ज्यांनी बादल्या भरून काढला त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. त्या वर्षी शहराचे हाल झाले, पण शहरातल्या कोणत्याही तलावाला बाहेरून पाणी आणून भरत ठेवण्याचे बंधन आपल्यावर नव्हते. आपले तलाव उन्हाळ्यात खाली जातात, काठचा चिखल उघडा पडतो, पायऱ्या दिसू लागतात, आणि पावसाने ते पुन्हा भरतात. याला दुर्दशा म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. वास्तविक पाणलोटावर जगणाऱ्या तलावाची ती रीतच आहे.

20 जुलै 2010

वाद पाण्याच्या प्रमाणावर चालू असताना तलाव मोडला तो निराळ्याच कारणाने. 20 जुलै 2010 च्या रात्री दहाच्या सुमारास पश्चिमेकडील बंधाऱ्याच्या चार रबरी फुग्यांपैकी एक फुटला आणि रात्रीतून जवळजवळ सगळा तलाव खालच्या कोरड्या पात्रात वाहून गेला. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. सकाळी लोकांनी पाहिले ते चिखल, डबकी आणि तडफडणारे मासे.

पुराच्या पाण्याने रबर फाटलेले नव्हते. ते उन्हाने खाल्ले होते. बंधाऱ्याची एक बाजू पाण्याकडे आणि दुसरी कोरड्या पात्राकडे होती. कोरड्या बाजूचे रबर वर्षानुवर्षे तापत, वाळत राहिले. रबराची झीज आधीच लक्षात आली होती आणि फुगे बदलण्याबाबत शहराची निर्मात्या कंपनीशी बोलणीही चालू होती. कंपनीने नंतर नवे फुगे काही वर्षांच्या बोलीने बसवून दिले आणि ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत तलाव पुन्हा भरला. पण ही मुदतीची सोय होती. 2016 मध्ये तलाव मुद्दाम रिकामा करून तेथे हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचे पोलादी दरवाजे बसवले गेले. त्यांचा खर्च सुमारे 4.7 कोटी डॉलर, म्हणजे मूळ तलाव उभारायला जेवढे पैसे लागले त्याच्याच जवळपास झाला. तलाव सुरू झाल्यापासून सतरा वर्षांत शहराने तो एका अर्थी दुसऱ्यांदा विकत घेतला.

या प्रकरणाचे मर्म येथे आहे असे मला वाटते. तलावाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांत पाण्याची बाजू घेणारे होते, नदीची आठवण काढणारे होते, जमिनीच्या भावाकडे पाहणारे होते. रोजच्या राखणीची बाजू घेणारे कोणी नव्हते. बंधाऱ्याचे आयुष्य किती, ते संपल्यावर पैसे कोठून येणार, त्यासाठी दरवर्षी किती बाजूला पडतात, हे प्रश्न कंटाळवाणे असल्यामुळे सभेत टाळ्या घेत नाहीत. शहराने सोय केलीच नव्हती असे नाही. काठावरच्या मिळकतींनी तलावाच्या खर्चाचा वाटा उचलावा म्हणून त्या मिळकतींचे एक विशेष आकारणी-क्षेत्र आखले होते. परंतु काठावरच्या इमारती अपेक्षेपेक्षा सावकाश आल्या आणि वाट्याचा मोठा भाग शहराच्या तिजोरीवरच पडत राहिला. काठाचा लाभ ठराविक जमीनमालकांना आणि बंधाऱ्याचा बोजा साऱ्या करदात्यांना, अशी ही वाटणी झाली. 1987 मध्ये मतदारांनी नाही म्हटले होते त्यातली भीती साधारण हीच असावी.

रोजची राखण केवळ बंधाऱ्याची नसते. साचलेल्या उबदार पाण्यात शेवाळ माजते, काठावर बारीक माश्यांचे थवे उठतात, म्हणून पाण्यात औषधे सोडावी लागतात. पोहणे एरवी मना आहे, फक्त ठरलेल्या स्पर्धांपुरती मोकळीक मिळते. नदी वाहते तेव्हा हे काम ती स्वतः करते. थांबवलेल्या पाण्याचे मात्र माणसाला पगार देऊन करावे लागते.

टेम्पीच्या खालच्या अंगाला, त्याच पात्रात, फिनिक्स शहराने दुसरी वाट धरली हे येथे सांगितले पाहिजे. 2005 मध्ये तेथे सुमारे पाच मैलांच्या पात्रात विलो, कॉटनवुड अशी मूळची झाडे लावून पाणथळ जागा आणि पायवाटा उघडल्या गेल्या. त्यालाही पाणी लागते, पंप लागतात. पण तेथे एकसंध पाण्याचा आरसा राखण्याचा हट्ट नाही. पूर आला तर झाडे वाकतात, काही जातात, पुन्हा उगवतात. त्या जागेची छायाचित्रे टेम्पीइतकी देखणी येत नाहीत. नदी म्हणून ती मला अधिक खरी वाटते.

नागपूरची पाळ

पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत शेकडो वर्षांचे तलाव आहेत. मालगुजारी गेली तरी ते अजून माजी मालगुजारी तलाव या नावानेच ओळखले जातात. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांत पाळ घालण्याआधीच पाणी कोणाच्या धानाला आधी, पाट कोणी उपसायचा, गाळ कोणी काढायचा, हे गावात ठरलेले असे. ती व्यवस्था समतेची होती असा माझा दावा नाही. मालगुजाराचा वरचष्मा तीत होताच. पण तलाव आणि त्याची राखण या दोन गोष्टी तीत वेगळ्या नव्हत्या. पुढे हे तलाव शासनाकडे आले आणि राखणीची साखळी तुटली, तेव्हा तेच तलाव गाळाने भरले.

फुटाळ्याच्या बाबतीत वाद निराळ्या वळणाने गेला. भोसल्यांच्या काळात, 1799 मध्ये, सिंचनासाठी बांधलेल्या या तलावात संगीतमय कारंजे आणि प्रेक्षकांसाठी बांधकाम उभे राहिले, तेव्हा हरकत घेणाऱ्यांनी तो पाणथळ जागा म्हणून संरक्षित आहे असा दावा केला. 2017 च्या नियमांत सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा करमणुकीसाठी माणसाने बांधलेले जलसाठे पाणथळ जागांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये फुटाळा या व्याख्येत बसत नाही असे म्हटले. त्याचबरोबर सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलसाठ्यांनाही लागू होते, हेही स्पष्ट केले. निकालाचा हा दुसरा भाग नागपुरात पुरेसा वाचला गेलेला नाही. तलाव कृत्रिम आहे म्हणून त्यावर वाटेल ते करता येते, असे त्यातून निघत नाही. कोणीतरी तो लोकांसाठी राखण्यास बांधील आहे, असे निघते.

आणि अंबाझरी. 1870 च्या सुमारास बांधलेल्या या तलावाने कित्येक दशके शहराला पिण्याचे पाणी दिले. पेंच व कन्हानचे पाणी आल्यावर त्याचे ते काम संपले आणि तो उद्यानाच्या शेजारचा देखावा झाला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी सांडव्यावरून ओसंडली आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसे झोपेत असताना पाणी शिरले. चार जणांचा जीव गेला. सांडव्याच्या वाटेतील बांधकामे, नदीची अरुंद झालेली रुंदी, जुन्या पाळीची स्थिती, हे सगळे विषय त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. टेम्पीचा तलाव फुटला तेव्हा खाली ओसाड पात्र होते. आपल्या तलावाखाली घरे आहेत. म्हणून टेम्पीत जी राखण पैशाचा प्रश्न होती, ती नागपुरात जिवाचा प्रश्न आहे.

नाग नदीच्या योजनेत सांडपाणी वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे हे मुख्य काम आहे आणि ते रास्तच आहे. त्यापुढचा काठ सुशोभित करण्याचा टप्पा जेव्हा येईल, तेव्हा मे महिन्यात त्या पात्रात कोणते पाणी असणार हे आधी विचारावे लागेल. नाग ही अंबाझरीच्या बाजूने निघून शहरातून वाहत पुढे कन्हानला मिळणारी नदी आहे आणि उन्हाळ्यात तिच्यात मुख्यतः सांडपाणीच असते. भांडेवाडीत शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा मोठा वाटा कोराडीच्या वीज केंद्राला जातो, आणि त्यामुळे पेंचचे तितके ताजे पाणी वाचते. ही व्यवस्था चांगली आहे. नदी वाहती दिसावी म्हणून तेच पाणी पात्रात सोडायचे ठरले, तर कोराडीला पुन्हा धरणाचे पाणी द्यावे लागेल. जागोजागी बंधारे घालून पाणी अडवले, तर शेवाळ, जलपर्णी, डास आणि गाळ यांची कायमची नेमणूक करावी लागेल. या दोन्ही वाटा बंद आहेत असे मी म्हणत नाही. त्यांची वार्षिक किंमत योजनेच्या पहिल्या कागदावर, उभारणीच्या खर्चाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेली असावी, एवढे मागतो.

पुरानंतर अंबाझरीच्या सांडव्याला दरवाजे बसवण्याचा विषयही पुढे आला. पाऊस येण्याआधी पातळी खाली आणता यावी, हा त्यामागचा विचार योग्य आहे. दरवाजे बसले की त्यांना तेल, वीज, रंग आणि माणूस लागेल. सप्टेंबरातल्या एखाद्या रात्री दोन वाजता आभाळ फाटले तर कोणत्या पातळीला, कोणाच्या हुकमाने, कोण दरवाजा उघडणार आणि खालच्या वस्त्यांना त्याआधी किती मिनिटे सूचना मिळणार, हे ठरलेले आणि सरावाने पक्के झालेले असायला हवे.